पाइप-पन्हळी ठेवायचा भिंतीवरचा रॅक, दोन पावसाळ्यांनंतर

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय. वस्तू वाईट नाहीये, परत घेशील का विचाराल तर घेईन, पण हिच्याखालचे रिव्ह्यू वाचून मी फसले म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ते सगळे शहरातल्या पार्किंगमधले आहेत हो, कुणी सायकल अडकवलीये, कुणी फोल्डिंगची शिडी, एकाने तर योगा मॅट, आणि सगळ्यांच्या भिंती सिमेंटच्या गुळगुळीत. आमच्यासारख्या कोकणात समुद्रापासून पाच मिनिटांवरच्या घरात, जांभ्याच्या भिंतीला, बाहेर पावसावाऱ्यात लावलेला एकपण नाही. तर तो एक हा समजा.

वस्तू अशी आहे, लोखंडाच्या दोन उभ्या पट्ट्या, साधारण कंबरेएवढ्या उंच, प्रत्येकीला तीन आडवे आर्म. आर्म फूटभर लांब आणि टोकाला वर वळवलेला, म्हणजे पाइप घरंगळून अंगावर येत नाही. वरून काळं पावडर कोटिंग आणि आर्मवर फोमचे काळे मोजे चढवलेले, ते बघून सासूबाई म्हणाल्या याला थंडी वाजते का. सोबत आठ बोल्ट नि प्लास्टिकच्या गिट्ट्या. एक सेट २१५० ला पडला, मार्च २०२४ मध्ये. घरपोच म्हणून पैसे घेतात पण कुरियरवाला शृंगारतळीच्या पुढे आलाच नाही, फोन करून म्हणाला इथे येऊन घेऊन जा, तर नवरा बाईकवर मागे आडवा बांधून घेऊन आला. त्याचा स्टार मी कापलेला नाही, आम्हाला ते नेहमीचंच आहे.

आता मुळात घरात एवढे स्पेअर पाइप कशाला असं ज्यांना वाटतं त्यांनी एक जून महिना इथे काढावा. घर कौलारू, मागे माड-पोफळीचं आगर, पुढच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. घराला चारी बाजूंनी पीव्हीसीच्या पन्हळी लावल्यात (शहरात रेन गटर म्हणतात, आमच्याकडे गटर म्हटलं की भलतंच डोळ्यासमोर येतं, त्यामुळे पन्हळच बरी). तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, पन्हळ नसेल तर पागोळ्यांनी खळ्याला, म्हणजे अंगणाला, चर पडतो आणि भिंती खालून दोन फूट लाल होतात. आणि पन्हळ लावली की तिच्या डोक्यावर माड असतोच. झावळ पडली की पन्हळीचा तुकडा जातो, नारळ पडला की क्लॅम्पसकट जातो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं तेव्हा आमची पश्चिमेची सबंध पन्हळ शेजारच्या आगरात पोफळींमध्ये अडकलेली सापडली आणि त्यानंतर महिनाभर पत्रा म्हणू नका कौल म्हणू नका पाइप म्हणू नका, कुठे काही मिळत नव्हतं, सगळ्यांची घरं एकदमच उघडी पडलेली. पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते. गंमत बघा, पीव्हीसीचा कच्चा माल बनवणारा फिनोलेक्सचा एवढा मोठा कारखाना आमच्याच जिल्ह्यात रत्नागिरीजवळ रनपारला आहे, पण म्हणून ऐन पावसात पन्हळीचा जोड आपल्या दारात येतो असं काही नाही. शिवाय पन्हळीचं अजून एक असतं, दोन वर्षांनी तीच पन्हळ मागायला गेलात तर दुकानदार दुसऱ्याच आकाराची देतो, तिची कड जुनीत बसत नाही. म्हणून घेतानाच जास्तीच्या घेऊन ठेवायच्या. आमच्याकडे आत्ता १० फुटी पन्हळी चार, ११० मिलिमीटर व्यासाचे पाइप तीन, पंपाच्या लायनीचे ६३ चे सहा, ते सगळे २० फुटी, आणि कापून उरलेले आडवेतिडवे तुकडे, जे कुणी टाकू देत नाही.

हे सगळं आधी गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला जमिनीवर पडलेलं असायचं, कोकणात निम्म्या घरी असतं तसंच. पाइप उचलायला गेलं की एका टोकातून गाळ, दुसऱ्या टोकातून मुंग्या. खालच्या बाजूला शेवाळ. पन्हळी उताण्या पडलेल्या असल्या की त्यात पाणी, पाल्याचा कुजका थर आणि त्यात डासांच्या अळ्या, म्हणजे आपणच पैसे देऊन डासांना हौद बांधून दिल्यासारखं. पण तेही चाललं असतं. एका नोव्हेंबरात मी पन्हळीचा एक तुकडा आणायला गेले, वाकले, आणि तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारल्यावर येतो ना चर्र आवाज, तसा सलग आवाज यायला लागला. हात तसाच ठेवून बघितलं तर पन्हळीखाली फुरसं, वेटोळं करून स्वतःच्याच अंगाला अंग घासत बसलेलं, माझ्या बोटांपासून वीतभर. इथल्या लोकांना फुरसं काय ते सांगायला नको, बाहेरच्यांनी एवढंच समजा की वीत-दोन वितींचा साप पण घोणसेच्या जातीतला, विषारी. मी मागच्या मागे खळ्यात आले आणि त्या दिवशी जाहीर केलं की या घरात परत काहीही जमिनीवर पडलेलं दिसलं तर मी माहेरी जाईन.

नवऱ्याने सोपा मार्ग काढला, सगळं उचलून गोठ्याच्या पत्र्यावर नेऊन टाकलं. साप नाही, चिखल नाही, दिसत नाही, झालं. मे मध्ये एक पाइप खाली काढला तर तो धनुष्य. पीव्हीसी ८० अंशाच्या आसपास मऊ पडतं म्हणतात, पण उन्हाळ्यातल्या तापलेल्या पत्र्यावर त्याला तेवढीही वाट बघावी लागत नाही, पत्र्याच्या उंचवट्यांवर टेकलेला पाइप हळूहळू बसत जातो आणि थंड झाला की तसाच राहतो. वरची बाजू पांढुरकी, हात फिरवला की खडूसारखी पावडर बोटाला. असा उन्हाने खाल्लेला पाइप पाण्याचा दाब तसा सहन करतो पण ठोका सहन करत नाही, आमच्या प्लंबरने तोडायला जरा वेडीवाकडी करवत लावली तर कड टिचली. काळ्या एचडीपीई पाइपाचं एवढं होत नाही कारण त्यात काजळी घातलेली असते, दोन-अडीच टक्के, तीच ऊन अडवते. पांढऱ्या-राखाडी पाइपाला मात्र सावली हवीच. तेव्हा अटी दोन झाल्या, जमिनीपासून वर आणि उन्हापासून आत. मग मी ॲप उघडलं.

आता रॅककडे येते. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, प्रत्येक आर्मला ५० किलो. हा आकडा बघून मी खूश झाले आणि इथेच चुकले. हिशोब करा ना, ११० चा साधा २० फुटी पाइप सात-आठ किलो भरतो, ६३ चा तीन-चार. माझा सगळा ढीग मिळून पन्नासच्या आसपास, आणि आर्म सहा. म्हणजे वजनाचा प्रश्न कधी नव्हताच! प्रश्न होता अंतराचा. एका सेटात पट्ट्या दोन, फोटोत त्या ऐटीत दोन टोकांना लावलेल्या दाखवतात आणि त्यावर जे पाइप आहेत ते बारकाईने बघितलेत तर सहा-सात फुटांचे असावेत. मी त्या दोन पट्ट्या दहा-अकरा फुटांवर लावल्या, दोन्हीकडे साडेचार-पाच फूट बाहेर. एप्रिलपर्यंत ठीक. मेच्या मध्यावर बघते तर ६३ चे पाइप मध्ये झोळीसारखे लोंबलेले आणि दोन्ही टोकं पण खाली झुकलेली, म्हणजे लाटच. सुतळी ताणून मोजलं, मध्ये चांगली चार बोटं. जमिनीवर असताना निदान सरळ तरी होते, असं नवरा म्हणाला, आणि त्याला उत्तर नव्हतं.

मग दुसरा सेट मागवला, तो २३९० ला, दोन महिन्यांत किंमत वाढलेली. चार पट्ट्या झाल्यावर हिशोब असा बसला, टोकापासून अडीच फुटांवर पहिली, मग पाच-पाच फुटांवर बाकीच्या, शेवटच्या टोकाला परत अडीच, म्हणजे २० फूट. पाइपाच्या सॉकेटची फुगलेली टोकं एकाच बाजूला येऊ द्यायची नाहीत, एक इकडे एक तिकडे, नाहीतर वरचा पाइप खालच्याच्या सॉकेटवर टेकतो आणि तिथून वाकतो. ११० चे पाइप यावर सरळ राहिले. ६३ चे आणि पन्हळी मात्र पाच फुटांवरही बारीक लोंबतात, त्यांना खरं तर तीन-साडेतीन फुटांवर टेकू हवा. अजून दोन सेट घ्यायची माझी तयारी नव्हती. हा तिढा सासूबाईंनी सोडवला. म्हणाल्या, आर्मवर पोफळीच्या रिपा टाक ना आडव्या, माळ्याला टाकतो तशा. आगरात पडलेली एक पोफळ चिरून चार लांब रिपा काढल्या, आतला गर तासून, दोन-दोन करून आर्मवर आडव्या टाकल्या आणि पातळ मालाला अख्ख्या लांबीभर बिछाना झाला. फुकटात. दुसऱ्या पावसाळ्याअखेर एका रिपेला बुरशी दिसतेय, ती बदलेन, पोफळी काय आहेतच. त्यांचं म्हणणं यात नवीन काहीच नाही, त्यांच्या लहानपणी वळचणीला लाकडाची दुबेळकी (दोन फाट्यांच्या खुंट्या) ठोकलेली असायची आणि त्यावर शिडी, पोफळीच्या पन्हळी, नांगराचं इसाड सगळं आडवं पडलेलं असायचं, तुम्ही लोक तेच आता ॲपवरून मागवता. बरोबर आहे. फक्त त्या दुबेळक्यांना फोमचे मोजे नव्हते.

पण थांबा, मधली सगळ्यात मोठी गंमत राहिलीच, भिंत. सोबत आलेल्या कागदावर चित्रं फक्त विटेच्या आणि काँक्रीटच्या भिंतीची. आमची भिंत जांभ्याच्या चिऱ्याची, बाहेरून गिलावा नाही. जांभा खाणीतून काढला की मऊ आणि हवेवर राहून कडक होत जातो हे खरं, पण आतून तो कायम भोकांचाच. वाडीतला एक मुलगा ड्रिल घेऊन आला, त्याने सेटमधल्या गिट्ट्या ठोकल्या, बोल्ट आवळले, मी लोंबकळून बघितलं, अगदी पक्कं वाटलं. पाइप चढवले. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला मागे धडाड असा आवाज आणि पाठोपाठ गडगडत काहीतरी लांब गेल्याचा आवाज. कुत्रं पिसाळल्यासारखं भुंकायला लागलं, सासूबाई उठून बसल्या, बिबट्या आलाय म्हणाल्या, दार उघडू नका. समोरच्या खोलीतले पुण्याचे पाहुणे आतून फोन करतायत, ताई काय झालं, आम्ही बाहेर येऊ का. सकाळी उजाडल्यावर बघितलं तर एक पट्टी गिट्ट्यांसकट बाहेर येऊन खाली पडलेली, प्रत्येक गिट्टीभोवती लाल भुगा, आणि ११० चा एक पाइप विहिरीपर्यंत गेलेला. पाहुण्यांनी फोटो काढले.

मग गवंडीदादांना बोलावलं, ते नुसतं भोकात बोट घालून म्हणाले, "वयनी, ह्यात गिट्टी नाय धरायची. तिला फुगायला घट्ट काय तरी लागतं, हितं निस्ती पोकळी." त्यांनी दोन उपाय सांगितले. भिंतीच्या पलीकडे जाता येत असेल तर आरपार घ्यायचं, म्हणजे लांब आट्यांची सळई भिंतीतून पार काढायची आणि आतल्या बाजूने तळहाताएवढी लोखंडी पट्टी लावून नट आवळायचा, म्हणजे ओढ त्या पट्टीवर येते, चिऱ्यावर नाही. पलीकडे जाता येत नसेल तर बोल्टपेक्षा बरंच मोठं भोक पाडायचं, आतला भुगा फुंकून आणि धुऊन काढायचा, ओल्या भोकात सिमेंटचा घट्ट घोळ भरून त्यात सळई बसवायची आणि आठवडाभर पाणी मारायचं, तोवर हात लावायचा नाही. भोकात केमिकल भरून सळई चिकटवायचा अँकर पण मिळतो, पण जांभ्यात तो जाळीच्या नळीशिवाय भरला तर सगळा माल आतल्या पोकळीत वाहून जातो, म्हणजे ट्यूबवर ट्यूब रिकामी. आमच्या भिंतीमागे कोठीची खोली आहे म्हणून आरपार केलं. आणि भोक चिऱ्याच्या मध्यात, सांध्यात नाही. त्यासाठी पट्टीच्या तयार भोकांपैकी एक सोडून द्यावं लागलं, आपल्या चिऱ्याच्या मापाशी त्यांचं माप जुळायचं काही कारणच नाही, मग पट्टीला नवीन भोक पाडलं, आणि गंज तिथेही धरला, गंजाचं पुढे सांगतेच. गवंडीदादांची एका दिवसाची मजुरी आणि सळया-पट्ट्या धरून मला रॅकइतकाच खर्च भिंतीला आला. हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं. तेव्हापासून मात्र हललेलं नाही, पाहुण्यांची मुलं त्यावर लोंबकळून झाली, मी ओरडून झाले, रॅक जागच्या जागी.

कुठल्या भिंतीला लावायचा यावर आमच्यात आठ दिवस चर्चा चालली. पश्चिम आणि दक्षिण नको, पाऊस नैऋत्येकडून आडवा येतो, वळचण कितीही बाहेर काढा, तिकडची भिंत भिजतेच, म्हणून तर पूर्वी त्या बाजूला झापांची (विणलेल्या झावळांची) झड, म्हणजे आडोसा, बांधायचे. पूर्वेला सकाळचं ऊन. राहिली उत्तर. उत्तरेला वर्षातला बहुतेक काळ ऊन पोचत नाही, फक्त मेच्या मध्यापासून सूर्य आमच्या डोक्यावरून उत्तरेला सरकतो तेव्हा दुपारी तिरपी तिरीप येते, आणि नेमकं तेव्हाच कडक ऊन असतं. तेवढे पंधरा-वीस दिवस मी वरून जुनं गोणपाट टाकते. प्लास्टिकची ताडपत्री टाकू नका, खाली वाफ धरते आणि आतून तापतं. जूनमध्ये ढग आले की गोणपाट काढायचं.

गंज. इथे मी अख्खा स्टार कापलाय. पावडर कोटिंग सपाट भागावर चांगलं आहे, दोन पावसाळ्यांत सोललं नाही, पण आर्म जिथे पट्टीला वेल्ड केलाय तिथे कोपऱ्यात कोटिंग पातळ आहे, पहिल्याच गणपतीत तिथून तांबूस ओघळ यायला लागले आणि जांभ्यावर ते दिसतही नाहीत, लाल भिंतीवर लाल गंज, जवळ जाऊन बघाल तेव्हाच कळेल. फोमच्या मोज्यांचं तर उलटंच झालं. ते पाणी धरून ठेवतात, खारं पाणी, आणि आतला आर्म बाहेरच्या उघड्या लोखंडापेक्षा आधी फुगला. मी दुसऱ्या पावसाळ्याआधी सगळे मोजे कापून टाकले, गंज पॉलिश पेपरने घासला, झिंकचा प्रायमर दोन हात आणि वर ऑइल पेंट दिला, आणि मोज्यांच्या जागी बाद झालेल्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा आर्मवर चढवला, तो पाणी धरत नाही आणि पाइप त्यावरून सरकवायला पण सोपा जातो. यंदा ते आर्म तसेच आहेत. सोबत आलेले बोल्ट म्हणजे नुसती झिंकची चकाकी, ऑगस्टमध्ये त्यांची डोकी भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटायला लागली. आरपार घालायच्या सळया मात्र मी सुरुवातीलाच स्टेनलेसच्या घेतल्या होत्या. चिपळूणला दुकानात ३०४ नंबरचं मिळतं, त्यालाही इथे वर्षभरात चहाचे डाग पडावेत तसे डाग येतात पण ते वरवरचे, घासले की जातात. ३१६ मिळालं तर तेच घ्या, मिठाला तेच जास्त टिकतं, महाग असतं पण अशा किती सळया लागणार आहेत. दसऱ्यानंतर पाऊस थांबला की एकदा साध्या पाण्याने रॅक खालपासून वरपर्यंत धुऊन घेते, पावसाळ्यात खारेपणा निदान धुतला तरी जातो, हिवाळ्यात समुद्रावरचा वारा नुसता येऊन बसतो.

विकणाऱ्यांना बोल्टांचे फोटो पाठवले होते. तीन दिवसांनी उत्तर आलं की प्रॉडक्ट इनडोअर वापरासाठी आहे. लिस्टिंगवर मात्र तेव्हा आउटडोअर असंच लिहिलेलं, त्याचाही स्क्रीनशॉट पाठवला. त्यावर त्यांनी आठ नवीन बोल्ट पाठवले. तेच, झिंकचे. हसावं की रडावं. पण पाठवले, त्यामुळे याबद्दल फक्त अर्धा स्टार.

ठेवायची पद्धत हळूहळू जमत गेली. पन्हळी उपड्या, एकीवर एक, म्हणजे पाणीही साचत नाही आणि पाला पण नाही. पाइपांची पूर्वेकडची बाजू मुद्दाम दोन बोटं खाली घेतलीये, आत गेलेलं पाणी आपोआप निघून जातं. टोकं उघडी ठेवायची नाहीत, आमच्याकडे पहिल्याच वर्षी कुंभारमाशीने एका पाइपाच्या तोंडाशी मातीची पक्की बुचं करून ठेवली, तो पाइप घाईत न बघता पंपाला जोडला असता तर काय झालं असतं. मी आधी प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या तर आत घाम धरला आणि हिरवं झालं, आता जुन्या मच्छरदाणीचे तुकडे रबराने बांधते, वारा जातो, माशी जात नाही. दोरीने बांधायचं तर सैल, पीव्हीसी उन्हाने वाढतं आणि आखडतं, नायलॉनची दोरी करकचून बांधली की तिथेच वळ पडतो. पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणि जोडाचे रबर मात्र इथे ठेवू नका, रबर बाहेर कडक होतं, ते घरात डब्यात.

सगळ्यात खालचा आर्म गुडघ्याच्या वर घेतलाय, त्याखालून झाडू फिरतो, पागोळ्यांचा चिखल वर उडत नाही, आणि खाली काही बसलंय का ते लांबून दिसतं. फुरसं भिंत चढून तीन फुटांवरच्या पाइपात जाऊन बसेल असं मला वाटत नाही, तरीपण मी अजून आधी काठीने टकटक करते आणि मगच हात घालते, ती सवय आता जायची नाही. सगळ्यात वरचा आर्म माझ्या खांद्याएवढा. कागदात त्याहून उंच लावा म्हणतात, पण २० फुटी पाइप डोक्यावरून उतरवायचा तर दोन माणसं हवीत, आणि पन्हळ फुटते तेव्हा घरात बहुतेक मी आणि सासूबाईच असतो. गेल्या जुलैत दुपारी साडेतीनला झावळ पडून स्वयंपाकघरावरची पन्हळ फुटली, मी वरच्या आर्मवरून एक उतरवली, त्यांनी दुसरं टोक धरलं, चार वाजेपर्यंत क्लॅम्पमध्ये बसवून झाली होती आणि आतल्या भिंतीला ओल पण आली नाही. या एका दुपारीसाठी मी साडेतीन दिलेत, नाहीतर तीनच दिले असते.

हेच फॅब्रिकेटरकडून करून घ्यावं का असं आमच्या वाडीतल्या तिघांनी विचारलंय. तुमच्याकडे चांगला फॅब्रिकेटर असेल आणि तो वेळेवर येत असेल (हसू नका) तर हो. अँगलचं करून जस्ताच्या कढईत बुडवून आणलेलं, म्हणजे खरं गॅल्व्हनाइज केलेलं असेल तर ते याच्यापेक्षा दुप्पट टिकेल, भोकं पण तुमच्या चिऱ्यांच्या मापाने पाडून मिळतील. अडचण एवढीच की आमच्या आसपास बुडवून देणारं कुणी नाही, जे मिळतं ते रेड ऑक्साइड आणि वर चांदीचा रंग, आणि त्यापेक्षा हे पावडर कोटिंग बरं. आणखी एक, घ्यायचे तर पहिल्याच दिवशी दोन सेट घ्या. एक सेट फक्त १० फुटी मालासाठी पुरतो.

आत्ता परिस्थिती अशी आहे की तिसऱ्या आर्मवर माझे पाइप होते तिथे सासूबाईंनी आंबे काढायचा झेला, दोन बांबू आणि गेल्या वर्षीची गणपतीची माटवी (मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट) आणून ठेवलीये, आणि पाइपांना परत जागा नाही. मला सुटे चार आर्म हवेत, अख्खा सेट नको. ॲपवर आता आउट ऑफ स्टॉक दाखवतंय. कुणाकडे याचे सुटे आर्म मिळत असतील तर सांगा, मोजे नसलेले असतील तर उत्तमच.